शेवटच्या जोडाला साबण

एका स्वयंपाकघरात गॅसच्या पाइपाचा शेवटचा जोड मी तपासला नाही, आणि तपासला असं सांगितलं. आणि वर पहिली शेगडी पेटवायला लायटर माझ्या कामातल्या जोडीदाराच्या हातात दिला. ही माझी चूक. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच गमतीजमती सांगणार आहे आणि त्या सांगता सांगता ही तेवढी राहून जाईल, अशी मला माझीच भीती वाटते. माझा तसा इतिहास आहे.

पाइपाने घरोघरी येणारा गॅस जोडायचं काम जोडीने चालतं. इमारतीच्या बाहेरून लोखंडी पाइप वर चढतो, भिंतीला भोक पाडून तांब्याचा पाइप ओट्यापर्यंत येतो. सगळं जोडून झालं की पाइपात हवा भरायची, टोकाला घड्याळासारखी काट्याची तबकडी लावायची आणि काटा खाली येत नाही ना, ते बघत बसायचं. काटा जागेवर राहिला की तबकडी काढायची आणि तिथे शेगडीचा कॉक, म्हणजे गॅस चालू-बंद करायची चावी, बसवायचा. गोम आहे ती इथे. कॉक तबकडी काढल्यावरच बसतो, त्यामुळे तो एक जोड काट्याच्या परीक्षेतून सुटतो. त्याला दुसरी परीक्षा असते, साबणाच्या पाण्याची. ब्रशने फेस लावायचा आणि फुगा धरतो का बघायचं. फुगा आला तर पुन्हा आवळायचं. पहिल्या आवळणीत कुणाचाही जोड थोडाफार सुटू शकतो. त्यात कमीपणा नाही. साबण त्यासाठीच असतो.

आम्हा फिटर लोकांत एक पद्धत होती. एकाने आवळायचं, दुसऱ्याने साबण लावायचा, आणि ज्याने साबण लावला त्यानेच पहिली शेगडी पेटवायची. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. आपल्या तपासणीची ज्याला खात्री आहे, तोच शेगडीजवळ तोंड नेईल, एवढाच त्यातला विचार.

माझा जोडीदार जासईकडचा. घरची माणसं खाडीवर मासे धरणारी, हा एकटाच पाइपात शिरलेला. हात असा, की पाना टाकल्यावर नट जणू स्वतःहून फिरायचा. बोलायला लागला की अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं.

नवीन पनवेलमधल्या त्या घरात मुलीचा साखरपुडा होता, दुसऱ्याच दिवशी. ताई सकाळपासून आमच्या मागे उभ्या. "पाहुणे यायच्या आत गॅस सुरू करा हो, सिलिंडर परत दिलाय मी." जोडीदाराने कॉक आवळला आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह उघडायला बाहेर गेला. साबण माझ्याकडे. पण कॉक होता ओट्याखाली, वाट्याचमच्यांच्या ट्रॉलीच्या मागे. ट्रॉली बाहेर काढायची म्हणजे आधी ती रिकामी करायची. साखरपुड्याच्या पाहुण्यांसाठी घासून, पुसून, एकात एक बसवून ठेवलेल्या स्टीलच्या वाट्या, निदान शंभरेक माणसांच्या. मी ट्रॉली अर्धी ओढली. वाट्या खळखळल्या. ताई म्हणाल्या, "अहो, हळू." मी ट्रॉली परत आत ढकलली.

जोडीदार आला. "लावला साबण?"

"लावला."

"मग पेटव."

मी लायटर त्याच्यापुढे धरला. "तू पेटव. शुभकार्य आहे घरात, तुझा हात चांगला."

त्याला ते इतकं आवडलं, की त्याने ओल्या हाताने आधी केस बसवले. मग गॅस पेटवला. ज्योत निळीशार आली. ताईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं, आम्हाला त्याच ज्योतीवरचा पहिला चहा दिला. तो पेटवत असताना मी बाहेरच्या खोलीत पिशवी आवरत होतो.

काही झालं नाही. साखरपुडासुद्धा छान झाला म्हणे. चार-पाच दिवसांनी ताईंचा फोन आला, वाट्यांना वास येतोय. गॅस कंपनीचे तपासनीस आले, आम्हा दोघांना बोलावलं, ट्रॉली काढली, साबण लावला. कॉकच्या जोडावर फुगा आला, चांगला टपोरा. तपासनिसांनी ताईंना एकच प्रश्न विचारला, "पहिल्या दिवशी शेगडी कोणी पेटवली?" तपासनिसांना आमची पद्धत माहीत होती; पेटवणाऱ्यानेच साबण लावला असणार, असा त्यांचा हिशोब. ताईंनी जोडीदाराकडे बोट केलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी ओट्यामागच्या टाइल्सकडे बघितलं. फिकट पिवळ्या होत्या, मधूनमधून द्राक्षांचे घड.

त्याचं कार्ड काढून घेतलं. त्या कार्डाशिवाय कुणाच्या घरात पाइपाला हात लावता येत नसे. जिना उतरताना तो म्हणाला, "जाऊ दे रे. आवळला तर मीच व्हता." तपासनिसांसमोर तो का बोलला नाही, याचं मला नवल वाटत राहिलं. मी का बोललो नाही, याचं मात्र वाटलं नाही. ते मला माहीतच होतं.

पुढे महिन्याभरात मीही काम सोडलं. साबणाची बाटली समोर आली की मी दुसरं काहीतरी काम काढायचो. मेव्हण्याचं टाइल्सचं दुकान होतं, तिथे लागलो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्या टाइल्सकडे इतकं टक लावून बघितलंत, की आता जन्मभर तेच बघायची पाळी आली." मग जरा थांबून म्हणाली, "त्याला सांगितलंत का?" मी म्हणालो, सांगतो. हे उत्तर मी पुढची कित्येक वर्षं देत राहिलो. ती दिवाळीला एकदा विचारायची आणि गणपतीत एकदा. फराळासारखं.

टाइल्सच्या धंद्यात मी काही वाईट नव्हतो. बाथरूमच्या टाइलवर उभं राहून, बूट घासून दाखवून, "ताई, पाय घसरणार नाही, माझी जबाबदारी," असं मी रोज सांगायचो. जबाबदारी हा शब्द माझ्या तोंडून किती सहज निघायचा. मेव्हण्याने शेवटी धंदा आवरला आणि गाळा मोमोवाल्याला भाड्याने दिला. ज्या जागी मी इटालियन मार्बलच्या गोष्टी केल्या, तिथे आता वाफ निघते आणि गर्दी आमच्यापेक्षा जास्त असते.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला नवीन काय येणार? जुनं येत होतं ते एकच. पनवेलभोवती इमारती उगवत होत्या, प्रत्येकीला गॅस हवा होता, आणि जुन्या ठेकेदाराला हात असलेली माणसं मिळत नव्हती. मी फोन केला. तो म्हणाला, "या की. पण आता परीक्षा द्यावी लागते हां."

घरी सांगितलं तर बायको खूश झाली, पण ती तिच्या पद्धतीने. "गुडघे विचारलेत का आधी? ओट्याखाली शिराल आणि बाहेर काढायला मला बोलवाल." मग तिनेच जुन्या योगाच्या चटईचे दोन तुकडे कापून, इलास्टिक शिवून गुडघ्यांना बांधायच्या गाद्या केल्या. जांभळ्या रंगाच्या. त्या बांधून मी पहिल्यांदा कामावर गेलो तेव्हा साइटवर माझ्याकडे बरंच लक्ष गेलं, पण आदर म्हणता येणार नाही असं.

बदललं बरंच होतं. आता प्रत्येक जोडाचा फोटो काढून मोबाइलवरून पाठवावा लागतो. वास हुंगणारं एक यंत्र आलंय, जोडाजवळ नेलं की टिकटिकतं. साबण मात्र आहे तसाच, फक्त आता फेसाचाही फोटो लागतो. पहिल्या दिवशी मी चष्मा न लावता फोटो काढला तर त्यात माझा अंगठा आणि मागे कुणाचा तरी डोशाचा तवा आला. ठेकेदाराने फोन केला, "काका, जोड कुठाय यात?" पूर्वी मला सगळे फिटर म्हणायचे. आता काका म्हणतात. पण पाइपाला आटे पाडायला बसलो आणि हाताला सगळं आठवलं. तेलाचा वास, लोखंडाचा कीस, पाना शेवटच्या पाव फेऱ्याला जड होतो तो क्षण. बरं वाटलं. इतकं बरं वाटायचा आपल्याला हक्क आहे का, असंही वाटलं.

आणि स्वयंपाकघरं. ती काही बदललेली नाहीत. पाइप कुठून न्यायचा यावर घरात तीन मतं असतात आणि त्यातलं एक माहेरहून फोनवर येतं. देव्हारा बरोबर पाइपाच्या वाटेत. एका घरातले आजोबा म्हणाले, "पाइप देवाच्या डोक्यावरून जाऊ देणार नाही." मी म्हटलं, "मग खालून नेतो." ते म्हणाले, "पायाखालून? म्हणजे देवाने आता गॅसवर उभं राहायचं?" शेवटी देव बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी गेले आणि आजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बरं झालं हो. मला तिथे डबे ठेवायला जागा हवीच होती."

या सगळ्यात मी एक गोष्ट करत होतो. माझ्या वाट्याला साबण आला, की मी पहिली शेगडी पेटवायला आताच्या जोडीदाराला लावायचो आणि स्वतः फोटो पाठवण्यात गुंग असल्यासारखं दाखवायचो. नवीन लोकांना ती जुनी पद्धत माहीतच नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. साबण मी आता दोनदोनदा लावत होतो. पण लायटर हातात घेववत नव्हता.

मग विचुंब्याचं काम निघालं. नवी इमारत, चौथा मजला, घरात एकट्या राहणाऱ्या काकू. निवृत्त परिचारिका, त्यामुळे आम्हाला दारातच हात धुवायला लावणाऱ्या. पाइप झाला, काटा जागेवर राहिला, माझ्या आताच्या जोडीदाराने कॉक आवळला, मीटरजवळचा व्हॉल्व्ह उघडला आणि तो खालच्या घरात भोक पाडायला गेला. त्याच्या ड्रिलची घरघर फरशीतून माझ्या गाद्यांना कळत होती. अडलं ते शेगडीपाशी. सिलिंडरची शेगडी पाइपाच्या गॅसवर चालवायची तर आतला जेट, म्हणजे भोकाची छोटी पितळी टोपी, बदलावा लागतो. इथे तो असा जाम बसलेला, की हलेना.

काकू म्हणाल्या, "तुम्ही नका जोर लावू, मोडाल. माझा शेगडीवाला आहे, त्याला बोलावते. वीस वर्षांची शेगडी आहे, त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

अर्ध्या तासाने बेल वाजली. जिन्यातूनच आवाज आला, "काकी, पुन्हा दूध सांडलं काय बर्नरवर?" आणि मला कळलं, माझा जासईचा जोडीदार. माणसाचा चेहरा बदलतो. हा आवाज नव्हता बदलला.

तो आत आला. केस पांढरे, पोट जरासं पुढे, हातात पत्र्याची पेटी. मी ओट्याखालून अर्धा बाहेर आलेला. त्याने आधी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

"काय शेठ, कथ्थक शिकतंस काय?"

"बायकोने शिवल्यात," मी म्हणालो.

"वहिनी बऱ्या हाईत ना? आणि टाइल्स संपल्या काय?"

"तुला कसं माहीत टाइल्सचं?"

"पनवेल केवढं हाय रे. एकदा दुकानावरनं जात व्हतो, तू एका बाईला बूट घासून दाखवत व्हतास. मना वाटलं पडतंय आता." तो हसला आणि शेगडी उलटी करून फरशीवर बसला. "आत येणार व्हतो. पण तुझं गिऱ्हाईक व्हतं."

काकूंना कोण आनंद झाला. "म्हणजे ओळखता तुम्ही एकमेकांना? मग मी चहाचं आधण ठेवायची तयारी करते. पेटली की पहिला चहा तुम्हा दोघांना."

त्याने जेटवर दोन थेंब कसलं तरी तेल टाकलं आणि वाट बघत बसला. मी फेस ढवळत बसलो. काकू आलं किसत होत्या. इतक्या वर्षांचं ओझं, आणि समोर तो माणूस मांडी घालून बसलेला. मी म्हणालो, "त्या दिवशी तपासनिसांसमोर मी गप्प बसलो. बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

किती सोपं गेलं ते. मला वाटलं, झालं, सुटलो.

"सोड रे," तो म्हणाला. "तू बोलला असतास तर दोघांचीपण कार्डं गेली असती. एकाचं गेलं ते बरं झालं."

"तुला परत बोलावलं नाही ठेकेदाराने?"

"बोलावलं की. दोन सालांनी. मीच नाय गेलो." त्याने पाना लावला, जेट सुटला, टोपी तळहातावर घेऊन तो तिच्या भोकातून उजेडाकडे बघायला लागला. "खरं सांगू? भरवसा गेला माझा. जोड मी आवळला. तू साबण लावलास तवा बरा व्हता. मग चार दिवसांत आपोआप सुटला. म्हणजे माझ्या हाताचा जोड टिकत नाय. पयल्या दिवशी चांगला दिसतो आणि मागनं सुटतो. असा हात घेऊन लोकांच्या भिंतीत कशाला जायाचं? शेगडी बरी. डोळ्यासमोर असते, बिघडली तर उलटी करून बघता येते."

तो हे तक्रारीने बोलत नव्हता. एखाद्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तसं सांगत होता.

मी ब्रश भांड्यात तसाच धरून बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी त्याचं कार्ड घालवलं. कार्ड त्याला परत मिळत होतं. मी त्याचा हात घालवला होता, आणि तोही एका शब्दाने, 'लावला' म्हणून. आणि आत्ताच त्याने मला माफ केलं होतं, पण अर्धीच गोष्ट ऐकून. ते तसंच ठेवून चहा पिऊन निघता आलं असतं. काकूंच्या घरातून हसत निघालो असतो, दिवाळीला बायकोने विचारलं असतं तर हो म्हणालो असतो.

त्याने शेगडी ओट्यावर ठेवली, नळी जोडली. मी ओट्याखाली शिरलो. कॉकला फेस लावला, बघितला, पुसला, पुन्हा लावला. फुगा नाही. यंत्रही गप्प. फोटो काढला, या वेळी चष्मा लावून. बाहेर आलो तर काकू पातेलं हातात घेऊन उभ्या. "कोण पेटवणार?"

"साबण यानं लावलाय," माझा जुना जोडीदार म्हणाला, "म्हणजे हाच."

त्याला पद्धत आठवत होती. लायटर ओट्यावर पडलेला, लाल दांड्याचा, काकूंच्या हाताने गुळगुळीत झालेला. मी उचलला, नॉब फिरवला, वाकून दाबला. निळी ज्योत गोल फिरली. ज्योत लागली तरी मी तसाच वाकलेला राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "वय झालं रे तुझं."

काकूंनी हळदकुंकवाची दोन बोटं शेगडीला लावली, आधण ठेवलं, चहा केला. आम्हाला कप दिले, आणि तेवढ्यात त्यांच्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला, म्हणून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. "आला बरं का पाइपाचा गॅस," त्यांचा आवाज येत होता. "नाही गं, अजिबात वास नाही. माणसं चांगली आहेत."

जोडीदाराने बशीत चहा ओतला. मी कप ओट्यावर ठेवला.

"तुझा हात चांगला आहे," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"तो जोड आपोआप सुटला नव्हता. पहिल्या आवळणीतच थोडा कमी होता, कुणाचाही असतो तसा. साबण लावला असता तर तेव्हाच फुगा आला असता आणि तू पाव फेरा फिरवून मोकळा झाला असतास. मी साबण लावलाच नाही. ट्रॉलीत वाट्या होत्या, काढायचा कंटाळा आला, आणि तुला लावला म्हणून सांगितलं."

त्याने बशी खाली ठेवली. फरशीतून ड्रिलची घरघर येत होती, ती थांबली.

"अजून आहे," मी म्हणालो. "तुझा हात चांगला म्हणून लायटर तुला दिला नव्हता. जोड तपासलेला नाही हे मला माहीत होतं, म्हणून दिला. आणि तू पेटवत होतास तेव्हा मी बाहेर पिशवी आवरत होतो ना, ती आवरायची नव्हती. आवरलेलीच होती. मी लांब जाऊन उभा राहिलो होतो. तुला शेगडीपाशी ठेवून. माझं चुकलं. मला माफ कर."